सुट्टीची घरं

ताईने लाल कौलांचं छप्पर भिंतींवर ठेवलं, दोन बोटांनी हलकेच दाबलं, पुन्हा उचललं आणि उलटं करून आतून पाहिलं. मग चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं.

"हे तीन मिलिमीटर कमी आहे."

"कमी कसं असेल? एकाच ठिकाणाहून काढलंय सगळं."

"ते मला नको सांगू. भिंती सोमवारी आणल्यास, छप्पर काल काढलंस. काल काय केलंस?"

धाकटीने छप्पर हातात घेऊन उगीच इकडून तिकडून पाहिलं. तिच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसत होतं. पण मापावरून ताईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ताईने तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापलं होतं. चाळीस थर एकावर एक ठेवायचे आणि एका दमात चाळीस बाह्या उतरवायच्या, असं ते काम. हात एकदा हलला की चाळीस माणसं आखूड बाहीची. ताईचा हात हलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिकडे सगळे तिला मास्तर म्हणायचे, मालकसुद्धा.

इथे, चौथ्या मजल्यावरच्या सहा खाटांच्या या वॉर्डात, मास्तरांच्या हाती सिस्टरांनी बालवाडीतली गोल टोकाची कात्री दिली होती. धारेची वस्तू खाटेवर चालत नाही, नियम म्हणजे नियम. पहिल्या दिवशी ताईने ती कात्री उघडून मिटून पाहिली आणि हिने पाणी तरी कापलं जाईल का, असं सिस्टरांनाच विचारलं. मग त्याच कात्रीने तिने आठ घरं अशी कापली की सिस्टर इतर वॉर्डांतल्या लोकांना बघायला घेऊन येऊ लागल्या.

ही घरं आली धाकटीच्या पर्समधून. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. मोठ्या सुट्टीच्या आधी मुलांना घरी करायला म्हणून काही पानं वाटायची होती, ती तिनेच छापली. वर ठळक अक्षरात 'सुट्टीतली घरं', आणि खाली प्रत्येक पानावर एकेक घर उलगडून ठेवलेलं: समुद्राकाठचं, डोंगरातलं, तळ्याकाठचं, काहींचं छप्पर तेवढं वेगळ्या पानावर. सलग रेष कापायची, तुटक रेष दुमडायची, राखाडी पट्टीला डिंक लावायचा. उरलेली चार-पाच पानं पर्समध्ये राहिली आणि एका दुपारी ताईने पर्समधून रुमाल काढताना ती शोधून काढली. वर्तमानपत्र चाळून ती कंटाळली होती. तिने रिकाम्या बॉलपेनने तुटक रेषा दाबून घेतल्या, कापलं, दुमडलं, चिकटवलं, आणि दोन तासांत खिडकीच्या रुंद कट्ट्यावर मुठीएवढं घर उभं राहिलं.

तेव्हापासून धाकटी जाड कागदावर पानं काढून आणायची. चार ते सहा ही भेटीची वेळ. त्या दोन तासांत तिचं काम एकच, डिंक लावलेला कोपरा दाबून धरायचा.

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही," ताई बजावायची, आणि मनातल्या मनात तीस मोजायची. धाकटीचं वय आता पंचेचाळीस होतं, पण ताईपुढे ती कोपरा धरणारीच होती. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई एकोणीस. शाळेचे फ्रॉक, परीक्षेच्या सह्या, लग्नातली पाठवणी, नवरा सोडून परत आली तेव्हाची खोली, सगळं ताईनेच बघितलं. एवढं सगळं करून तिला कधी उपकाराची भाषा बोलता आली नाही, आणि धाकटीला कधी आभाराची.

"अगं, काल काय केलंस विचारतेय."

काल. गुरुवार. काल सकाळी अकराला ऑफिसात फोन वाजला आणि डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावून घेतलं. खोलीत पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने रिपोर्टचा कोपरा सारखा वर येत होता. डॉक्टर तो कोपरा अंगठ्याने दाबत बोलले. औषधाचा आता उपयोग होत नाही. इथे ठेवण्यात अर्थ नाही. सोमवारी सुट्टी देऊ, घरी न्या, त्यांना काय हवं नको ते बघा. दुखण्यावर गोळ्या लिहून देतो. धाकटीने किती दिवस असं विचारलं नाही, तिने फक्त बोट वर केलं, शाळेत शंका विचारताना करतात तसं. डॉक्टरांना ते समजलं. सहा आठवडे, ते म्हणाले, कदाचित कमी. मग त्यांनी विचारलं, त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू? आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, मी सांगते.

तिथून ती पुन्हा ऑफिसात गेली, कारण ताईला छप्पर हवं होतं. छपराचं पान उघडलं. कॉम्प्युटर दर वेळी विचारतो तसं त्याने विचारलं: 'खरं माप' की 'पानात बसवा'? धाकटी दर वेळी खरं माप निवडायची. काल तिने न बघताच बटण दाबलं. पानात बसवण्यासाठी यंत्राने सगळं थोडंथोडं आकसून घेतलं, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही एवढंच छप्पर लहान झालं.

"चुकून पानात बसवा झालं असेल," ती म्हणाली. "उद्या परत काढून आणते."

"आण. आणि दोन पानं जास्त आण."

"दोन कशाला?"

"लागतील."

हे तीन मिलिमीटरवाल्या छपराचं घर दोन नंबरच्या खाटेचं होतं. तिथल्या गाणं शिकवणाऱ्या बाई बुधवारी मुलाच्या गाडीतून घरी गेल्या होत्या. वॉर्डातून कुणी गेलं की ताई त्याच्या नावाचं एक घर करायची. नावाचं म्हणजे नंबराचं. ही टूम पाच नंबरच्या पोस्टवाल्या बाईंची. उभ्या आयुष्यात त्यांनी घरोघर पत्रं वाटली होती आणि नंबर नसलेलं घर त्यांना बघवायचं नाही. मास्तर, दारावर नंबर नसेल तर मी पत्र टाकू कुठं, असं त्यांनी पलीकडून विचारलं होतं, आणि त्या दिवसापासून ताई दारावर बारीक पेनाने खाटेचा आकडा घालू लागली. गेले चार दिवस मात्र पोस्टवाल्या बाईंचा पडदा ओढलेला होता आणि आतून नुसतं यंत्राचं टिकटिकणं ऐकू यायचं.

धाकटीने त्या पडद्याकडे पाहिलं. मग ताईच्या हाताकडे. सुई टोचून टोचून हाताची पाठ निळी पडली होती, पण बोटं तीच होती, लांब आणि ठाम. आता सांगावं, तिला वाटलं. तोंड उघडलंही.

"डिंक संपत आलाय," ती म्हणाली.

आणि सहा वाजले.

सांगण्याचं काम तिने शनिवारवर ढकललं. घरी जाताना, भांडी घासताना, सकाळी शाळेच्या पायऱ्या चढताना तिने वाक्यं जुळवून पाहिली. कुठल्याही वाक्याची सुरुवात नीट व्हायची आणि ते मध्येच बसकण मारायचं. शेवटी तिने स्वतःची समजूत घातली की सांगायलाच हवं असं कुठे आहे. ताई खुशीत घरी येईल. सहा आठवडे तरी खुशीत जातील. तिला हे पटलं होतं असं नाही, पण तेवढ्याने तिला छपराचं पान काढता आलं. खरं माप, तिने मोठ्याने म्हटलं आणि मगच बटण दाबलं. दोन पानं जास्तीची काढली.

दुपारी दवाखान्याच्या तळमजल्यावर बाकावर पोस्टवाल्या बाईंचा नवरा बसला होता. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून बायकांच्या चपला दिसत होत्या. त्याने धाकटीला ओळखलं, मान हलवली आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघू लागला. त्याला काही विचारायची गरजच नव्हती. घरी जाणारं माणूस चपला पायात घालून जातं.

चौथ्या मजल्यावर मावशी फडकं पिळत उभ्या होत्या. वॉर्डातली झाडलोट, चादरी, बायकांचे केस विंचरणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी धाकटीला थोडं बाजूला घेतलं.

"पाच नंबरला सुट्टी मिळाली हो," त्या म्हणाल्या, बादलीकडे बघत.

ही मावशींची रीत होती. कुणी बरं होऊन घरी गेलं तरी त्या म्हणायच्या, सुट्टी मिळाली. कुणी पडद्याआडून चादरीखाली गेलं तरी म्हणायच्या, सुट्टी मिळाली. बाकीच्या पाच खाटांवर जीव मुठीत धरून पडलेली माणसं ऐकत असतात, त्यांना कशाला घोर लावायचा, असा त्यांचा हिशेब. आणि तो इतका साधा, इतका मायेचा होता की सिस्टरांनीही तोच शब्द उचलला होता. वॉर्डात कुणी मरत नव्हतं. नुसती सुट्टी मिळत होती.

आत पाच नंबरच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती. ताई उशीला टेकून बसली होती.

"पोस्टवाल्या बाईंना सुट्टी मिळाली," ती म्हणाली.

"हो ना, कळलं आत्ता," धाकटी घाईने म्हणाली. "बरं झालं बाई. कंटाळल्या होत्या. आता घरी आरामात राहतील."

ताईने हात पुढे केला. "पानं दे."

आधी दोन नंबरचं छप्पर झालं. ताईने ते कापून दुमडून भिंतींवर ठेवलं आणि ते टिच्चून बसलं. तिने नंतर कालचं छोटं छप्परही खाटेशेजारच्या ट्रॉलीवर बाजूला ठेवून दिलं, टाकलं नाही. मग नवं पान घेतलं. समुद्राकाठचं घर, निळ्या भिंतींचं. तिने बाहेरची रेष कापली. चार नंबरच्या आजी, ज्यांना एरवी औषधाची हाकसुद्धा ऐकू जात नाही, त्या कुशीवर वळून बघत राहिल्या. ताईने दारावर पाच आकडा घातला. तुटक रेषा दाबल्या. आणि भिंती दुमडायला घेतल्या.

"अगं, दार राहिलं," धाकटी म्हणाली.

दाराचं काम आधी करावं लागतं हे ताईनेच तिला शिकवलं होतं. दाराला दोनच काप, एक उभा आणि एक आडवा, तिसऱ्या बाजूला दुमड. ते पान सपाट असतानाच द्यायचे. एकदा भिंती तळाला चिकटल्या की कात्री आत जात नाही, मग दार जन्माचं बंद.

"राहिलं नाही," ताई म्हणाली आणि राखाडी पट्टीला डिंक लावला. "इथे धर."

धाकटीने कोपरा धरला. धरल्या धरल्या तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथे घरं ओळीने उभी होती, दुपारचं ऊन त्यांच्या छपरांवर होतं. इतके दिवस ती त्यांच्याकडे बघत होती आणि काही दारं उघडी, काही बंद, हे तिला दिसतही होतं. तिला वाटायचं, ताईचा हात दुखला असेल, कंटाळा केला असेल. आता तिने आकडे वाचले. सुरुवातीची तीन बिननंबरी घरं सोडली तर पहिलं घर सहा नंबरचं, दार बंद. तिथल्या विणकाम करणाऱ्या बाई भावाकडे गेल्या असं मावशी म्हणाल्या होत्या, आणि त्यांची अर्धी विणलेली टोपी खाटेखालीच राहिली होती. एक नंबर, दार उघडं. ती कॉलेजातली मुलगी, तिला तर सगळ्यांनी लिफ्टपर्यंत सोडलं होतं. चार नंबर, बंद. मग आणखी एक चार नंबर, तेही बंद. दोन नंबर, उघडं.

ताईला प्रत्येकाचं माहीत होतं. मावशींनी सांगितलेली एकही सुट्टी तिने तशीच्या तशी घेतली नव्हती. आणि आज, मघाशीच, धाकटी तिला म्हणाली होती, घरी आरामात राहतील. तिचे कान तापले. इतकी लाज तिला नवरा सोडून परत आली तेव्हाही वाटली नव्हती.

"सोड आता. झाले तीस," ताई म्हणाली.

निळं घर कट्ट्यावर गेलं. ताई थोडी मागे टेकली, डोळे मिटून श्वास मोजत राहिली. दुखणं आलं की ती असंच करायची, आणि ते ओसरलं की मध्ये काही झालंच नाही असं पुढचं काम घ्यायची. तिने दुसरं पान घेतलं. डोंगरातलं घर, उतरत्या छपराचं. बाहेरची रेष कापली, दुमडी दाबल्या, पेन उघडलं आणि दारावर आकडा घातला. तीन.

तीन नंबरची खाट ताईची होती.

मग तिने पान धाकटीपुढे सरकवलं आणि त्यावर कात्री ठेवली, मुठीची बाजू तिच्याकडे करून.

"दाराचं तू बघ."

"मी कशाला? तूच काप ना."

"मला कसं कळणार कापायचं की नाही? डॉक्टर तुझ्याशी बोललेत. माझ्याशी बोलताना ते माझ्या पायांकडे बघत होते."

मग धाकटी बोलायला लागली, ती बोलतच सुटली. सोमवारी सुट्टी मिळतेय, गोळ्या घरी घेता येतील, इथली हवा बरी नाही, घरी दोन घास जास्त जातील, खालची खोली तिने आवरून ठेवली आहे, पडदे धुतले आहेत. पडदे खरंच धुतले होते. बाकीचं सगळंही तसं खोटं नव्हतं. ताईने तिला मध्ये अडवलं नाही. धाकटीकडचे शब्द संपले तेव्हा ताईने ट्रॉलीवरचं कालचं छप्पर उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"हे बघ. रंग बरोबर, कौलं बरोबर, कुठे फाटलेलं नाही. फक्त बसत नाही."

धाकटीने ते बोटाने थोडं दूर सरकवलं.

"आई गेली तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. आईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली की ती येईल.

"महिनाभर तू शाळेतून आलीस की फाटकाशी जाऊन बसायचीस," ताई म्हणाली. "दप्तर पाठीवरच. मी आतून बघायचे. रोज वाटायचं आज सांगू. शेवटी तुला शेजारणीकडून कळलं. मी तुला पानात बसवून सांगितलं तेव्हा. तू लहान होतीस, मला दुसरं काही सुचलं नाही. पण मी लहान नाहीये गं. मला खऱ्या मापात सांग."

त्या फाटकाबद्दल दोघी अडतीस वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या. धाकटीला वाटायचं, ताई विसरली असेल. तिने कात्री उचलली. खरं तर तिने कापायचं ठरवलंच होतं. एक उभा काप, एक आडवा, की झालं, बोलावं लागणार नाही. कात्रीची गोल टोकं तिने रेषेशी नेली. कागद पात्यांमध्ये आला. तिने दाबलं नाही. ताई तिच्या हाताकडेच बघत होती, शिकाऊ माणसाच्या हाताकडे बघावं तशी, न रागावता.

तिने कात्री खाली ठेवली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "कदाचित कमी."

चार नंबरच्या आजींनी कूस बदलली. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. ताईने चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला, परत घातला.

"सोमवारपासून धरून?"

"गुरुवारपासून."

"म्हणजे दोन दिवस गेलेच की," ताई म्हणाली. मापात चूक होऊन कापड वाया गेलं की ती याच आवाजात बोलायची.

मग धाकटीला रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने ओढणी तोंडावर धरली, पण खांदे तिचं ऐकत नव्हते. ती ताईवर चिडली होती, विचारलं म्हणून. स्वतःवर चिडली होती. डॉक्टरांवर, त्या पंख्यावर, वर उचलल्या जाणाऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर. आणि या सगळ्याच्या तळाशी साधी भीती होती, की आता घरात आपल्याला माप सांगणारं कुणी राहणार नाही. ताईने तिला जवळ घेतलं नाही, उगी उगी म्हटलं नाही. तिने तिला रडू दिलं. ते तिला पहिल्यापासून चांगलं जमायचं.

बऱ्याच वेळाने करकर असा आवाज आला म्हणून धाकटीने ओढणी बाजूला केली. ताईच्या हातात पान होतं. एक उभा काप देऊन झाला होता, आडवा चालू होता.

"हे काय? दार कापतेयस तू?"

"घरी जातेय ना मी सोमवारी? मग उघडायला नको?"

तिने दाराची दुमड दाबली, नखाने दार उघडलं, एकदा आत डोकावल्यासारखं केलं आणि ते परत लोटून ठेवलं. काप इतका नेमका होता की लोटल्यावर तो दिसतही नव्हता. दार कापलेलं आहे की नाही, हे हात लावल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

तेवढ्यात मावशी चादरी घेऊन आल्या. पाच नंबरची गादी त्यांनी पसरली, चादर झटकली, कडा खोचल्या आणि मग जाता जाता थबकल्या.

"काय मास्तर, सोमवारी सुट्टी म्हणे तुम्हाला."

"हो मावशी," ताई म्हणाली आणि दार नखाने उघडून त्यांना दाखवलं. "हे बघा, उघडतंय."

मावशींनी दाराकडे पाहिलं. मग कट्ट्यावरच्या घरांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जरा जास्तच वेळ. त्यांचा चेहरा उतरला आणि मग थोडा सैल झाला. चांगलं झालं हो, त्या म्हणाल्या, आणि ताईच्या पायावरची चादर, जी नीटच होती, ती पुन्हा नीट करून गेल्या.

सहा वाजायला थोडाच वेळ होता. ताईने घाई केली नाही. राखाडी पट्ट्यांना एकेक करून डिंक लावला, जास्तीचा बोटाने निपटून घेतला, भिंती उभ्या केल्या आणि शेवटचा कोपरा तळावर जुळवला.

"खालची खोली नको," ती मध्येच म्हणाली. "तिथे ऊन येत नाही. माझी खाट पुढच्या खोलीत टाक, खिडकीपाशी."

"बरं."

"आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तूच सांग. आहे तसं. मला सारखं सारखं सांगायला लावू नकोस."

"सांगेन."

"सांगशील ना नीट?"

"सांगेन गं."

ताईने घर तिच्याकडे दिलं. धाकटीने दोन्ही हातांच्या बोटांनी कोपरा दाबून धरला. डिंक अजून ओला होता, बोटांना गार लागत होता.

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही," ताई म्हणाली आणि मागे टेकून तिने डोळे मिटले.

धाकटीने मनात मोजायला सुरुवात केली. तीस झाले. ताईच्या छातीवरची चादर संथ वरखाली होत होती, पण ती काही बोलली नाही. धाकटीने परत एकपासून मोजलं. खाली व्हरांड्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कुणी कुणाला उद्या येतो म्हणालं. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. डिंक केव्हाच वाळला होता. ताईने अजून सांगितलं नव्हतं.